आमची वाटचाल: कॅमेरा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

फिल्मच्या काळात आमच्या कॅमेरा दुरुस्तीच्या टेबलावर स्प्रिंग, गिअर आणि मागच्या दाराचा चिकट झालेला काळा फोम बदलायचं काम असायचं. मग छोटे डिजिटल कॅमेरे आले. किनाऱ्यावरची वाळू लेन्सच्या नळीत गेली की त्यांची लेन्स अर्ध्यातच अडकायची. मोबाइलने ते काम संपवलं. आता येतात ते बहुतेक लग्नाचे फोटोग्राफर, डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) घेऊन.

आम्ही आधी बिघाड लेन्सचा की बॉडीचा (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा) ते ठरवतो. कॅननच्या २४-१०५ एफ/४ लेन्सवर 'एरर ०१' आला, तर एफ/४ ला, म्हणजे ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडं ठेवून, फोटो काढून बघा. तो निघाला आणि भोक लहान करायला लागणाऱ्या एफ/८ ला अडकला, तर बहुधा ॲपर्चरची फ्लेक्स केबल (पातळ लवचिक पट्टीसारखी वायर) तुटलेली असते. झूम फिरवताना ती सतत वाकते. बॉडी ठणठणीत असते. बॉडी बदलून काहीच सुटत नाही.

निकॉन डी९० चं शटर (फोटो काढताना उघडझाप करणारे पडदे) १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं, डी७००० चं दीड लाख. नंतरही ते चालतं, पण भरवसा नसतो. शटर बदलणं हे सगळ्यात नाजूक काम. पॉप-अप फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहतो, तो आधी रेझिस्टर लावून उतरवायचा. स्क्रू जपानी मापाचे असतात. साध्या फिलिप्स ड्रायव्हरने त्यांची डोकी झिजतात. सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) स्क्रूखाली कागदासारखे पातळ वॉशर असतात. ते काढले त्याच जागी परत बसवायचे. अदलाबदल झाली की सेन्सर तिरका बसतो आणि फोटोची एक बाजू कायम धूसर येते. शेवटी एकसारख्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीचा १/४००० सेकंदाला फोटो काढायचा. एक कड काळवंडली, तर शटरच्या पडद्यांची चाल बिघडलेली.

पावसाळ्यात बुरशीच्या लेन्स येतात. बुरशी निघते, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग जात नाही. लेन्स चामडी केसमध्ये नको, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा.

खाऱ्या पाण्याने मेनबोर्ड गेला, किंवा खर्च त्याच मॉडेलच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्यावर गेला, तर आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. फोटो नुसते जास्त धारदार हवे असतील, तर बॉडीआधी ५० एमएम एफ/१.८ लेन्स घ्या. नाचत्या वरातीत डोळ्यावर फोकस धरायचा असेल, तर मात्र मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा खरंच उपयोगी. कॅननच्या मिररलेस आर बॉडीवर डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स ॲडॅप्टरने ऑटोफोकससकट चालतात, म्हणून त्या विकायची घाई करू नका.