डॉक्टरांनी करार शेवटच्या पानापासून वाचावा

खासगी हॉस्पिटलात कन्सल्टंट म्हणून रुजू होताना बहुतेक तरुण डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो एमजीचा, म्हणजे मिनिमम गॅरंटी (काम कमी झालं तरी मिळणारी किमान रक्कम) किती याचा. पण दोन-तीन वर्षांनी वैतागून जे बाहेर पडतात, त्यांची तक्रार सहसा त्या आकड्याची नसते. दिवसाआड ऑन कॉल, पाच मिनिटांत एक पेशंट, न सांगता कापलेला पेआउट (बिलांतला डॉक्टरचा वाटा), रविवारचे कॅम्प आणि सोडायचं म्हटलं की आडवी येणारी नोटीस, या त्यांच्या तक्रारी. यातलं बरंचसं करारात लिहिलेलं असतं, नाहीतर लिहिलेलं नसल्यामुळेच घडतं. कामातलं समाधान नशिबावर सोडायची गोष्ट नाही, तेही सहीच्या आधीच मागून घ्यावं लागतं.

इंदूरात एमजीएम मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडणारे आणि पुण्या-मुंबईत शिकून सुदामा नगर, तिलक नगर, रामबागेत आपल्या घरी परतणारे, अशा दोघांसाठी हे लिहितो आहे. परतणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच करावी: महाराष्ट्रातली नोंदणी असेल तर तिथल्या परिषदेचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे अर्ज टाकावा. नोंदणी हातात येईपर्यंत रुजू होण्याची तारीख करारात पक्की करू नये.

आता शेवटचं पान. हॉस्पिटल सोडण्याची कलमं तिथे असतात, आणि सगळ्यात कमी वाचली जातात तीच. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी हवी. डॉक्टरला तीन महिने आणि हॉस्पिटलला ‘तात्काळ प्रभावाने’ असं असेल तर तिथेच थांबून बदल मागा. नोटीसच्या काळात एमजी चालू राहील हे लिहून घ्या, कारण राजीनामा दिला की ओपीडीच्या अपॉइंटमेंट दुसऱ्याच्या नावावर वळवायला वेळ लागत नाही. सोडल्यानंतर विमा कंपन्यांकडून आणि सरकारी योजनांकडून जे पैसे जमा होतील, त्यातला तुमचा वाटा किती दिवसांत मिळेल, त्याची बिलवार यादी कोण देईल, हेही तिथेच यायला हवं.

हॉस्पिटल सोडल्यावर ‘दोन वर्षं दहा किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करणार नाही’ असं कलम अनेक मसुद्यांत असतं. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यावर बंदी घालणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल ठरतो, त्यामुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी न्यायालयात सहसा टिकत नाही. तरीही ते काढून टाकायला सांगा, कारण त्याच्या जोरावर वकिलाची नोटीस येते आणि नवं हॉस्पिटल बिचकतं. करार चालू असतानाची बंदी मात्र वेगळी. ‘अन्यत्र कुठेही सल्ला देणार नाही’ असं लिहून सही केलीत, तर संध्याकाळचं तिलक नगरचं घरचं क्लिनिक आणि फोनवरचा सल्लाही त्यात येतो. क्लिनिक चालू ठेवायचं असेल तर वार आणि वेळ टाकून अपवाद लिहून घ्या.

बाँड (ठरलेली वर्षं काम न केल्यास पैसे भरण्याची हमी) आणि जॉइनिंग बोनस यांना हलकं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेचा २ लाख रुपयांचा बाँड वैध धरला. म्हणजे ‘बाँड काय, चालतच नाही’ हा कॅन्टीनमधला सल्ला धोक्याचा आहे. बोनसची परतफेड महिन्यांच्या प्रमाणात ठरवा: ३६ महिन्यांसाठी ६ लाख घेतले आणि २४ महिन्यांनी निघालात, तर परत २ लाख जावेत, ६ नव्हे.

वादाचं ठिकाण कोणतं तेही पाहा. मोठ्या साखळी हॉस्पिटलांच्या मसुद्यात लवादाचं, म्हणजे न्यायालयाबाहेर वाद सोडवण्याचं, शहर त्यांच्या मुख्यालयाचं असतं. इथे उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, त्यामुळे इंदूर मागणं रास्तच. एकमेव लवाद हॉस्पिटल एकट्याने नेमेल असं कलम असेल तर तेही बदलून घ्या. एका पक्षाने एकतर्फी केलेली अशी नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने अमान्य ठरवलेली आहे.

मग पैशाकडे वळा. एमजीचा हिशेब महिन्याचा की तिमाहीचा, हा एक शब्द लाखाचा फरक पाडतो. समजा एमजी ३ लाख आहे आणि तीन महिन्यांत तुमचा वाटा अनुक्रमे २.२, ४.५ आणि २.६ लाख झाला. महिन्याचा हिशेब असेल तर ३ + ४.५ + ३, म्हणजे १०.५ लाख मिळतात. तिमाहीचा असेल तर एकूण ९.३ लाख आणि गॅरंटी ९ लाख, म्हणून हाती ९.३. एमजी तीच, काम तेच, आणि तफावत १ लाख २० हजारांची.

दुसरा शब्द ‘नेट’. एक लाखाच्या सर्जरी पॅकेजवर २० टक्के म्हणजे २० हजार, असं तोंडी ठरतं. करारात ‘औषधं, इम्प्लांट आणि कन्झ्युमेबल वजा करून’ असं असतं. ते ४५ हजार धरले तर २० टक्के होतात ११ हजार. वर मॅनेजमेंटने नातेवाइकांना दिलेली सूट आणि टीपीएने (विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीने) कापलेली रक्कम यांचा भारही तुमच्या वाट्यावर टाकला जातो. म्हणून तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: टक्केवारी कशावर, हॉस्पिटलने स्वतःहून दिलेली सूट कोणाच्या खात्यातून, आणि पेआउट बिल झाल्यावर की पैसे जमा झाल्यावर. धार, खरगोन, बडवानीकडून येणारे बरेच पेशंट आयुष्मान कार्डावर असतात. त्या पॅकेजातला वाटा टक्क्यात न ठेवता ठरावीक रकमेत लिहून घेतलेला बरा, आणि जमा व्हायला उशीर झाला तरी अमुक दिवसांनंतर तो द्यायचाच अशी मुदत घाला. शिवाय दर महिन्याला पेशंटनिहाय विवरण मिळण्याचा हक्क लिहून घ्या. विवरण नसेल तर टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

कन्सल्टंटच्या पेआउटमधून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. पीएफ, ग्रॅच्युइटी, पगारी रजा यांतलं काही नसतं. वार्षिक जमा ७५ लाखांच्या आत आणि रोख रक्कम ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोय आहे, सीएला विचारा. स्त्री डॉक्टरांनी इथे विशेष लक्ष द्यावं. कायद्यातली २६ आठवड्यांची पगारी मातृत्व रजा कर्मचाऱ्याला मिळते, कागदावर ‘स्वतंत्र कन्सल्टंट’ असलेल्या डॉक्टरला ती सहसा नाकारली जाते. म्हणून रजेचे महिने, परतल्यावर तेच ओपीडीचे वार, आणि परतल्यानंतरचे निदान सहा महिने एमजी, हे करारात मागून घ्यावं. संकोच करू नका. मागितलं नाही तर मिळत नाहीच.

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र आठवड्याचा आहे, आणि मसुद्यात तो एका ओळीत उरकलेला असतो: ‘हॉस्पिटलच्या गरजेनुसार उपलब्ध राहावे’. ही ओळ खोडून तिच्या जागी परिशिष्ट जोडा. त्यात ओपीडीचे वार आणि नव्या पेशंटला किती मिनिटं. ऑन कॉल तिघांत एक की चौघांत एक, आणि सहकारी सोडून गेला तर वाढलेल्या कॉलचे वेगळे पैसे. रात्री आयसीयूत कोणत्या पात्रतेचा डॉक्टर हजर असेल. रात्रभर जागल्यावर दुसऱ्या सकाळची ओपीडी कोण घेईल. हे शेवटचं कलम पेशंटच्या सुरक्षेचं आहे, म्हणून आग्रहाने मागा. ‘३० मिनिटांत हजर’ असं असेल तर सुदामा नगरहून विजय नगरला पोहोचायला संध्याकाळी किती वेळ लागतो ते एकदा गाडी काढून पाहा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) या दिवशी मधल्या शहरातले रस्ते बंद असतात, त्या दिवसांसाठी फोनवरचा सल्ला आणि जवळ राहणारा दुसरा डॉक्टर अशी सोय लिहून ठेवा.

‘आउटरीच ओपीडी’ हा शब्द दिसला की संख्या विचारा. खरगोन किंवा खंडव्याला जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. महिन्यातून किती, गाडी आणि ड्रायव्हर कोणाचा, तो दिवस रविवारी पडला तर बदली सुटी मिळणार का?

अ‍ॅडमिशन, तपासण्या किंवा सर्जरी यांच्या आकड्याशी एमजी जोडलेली असेल तर सही करू नका. रेफरलसाठी कमिशन घेणं-देणं २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहेच. आणि गरज नसलेली तपासणी लिहावी लागते, ती माणसाला आतून पोखरते. शिकवायची आवड असेल तर डीएनबी (पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण) असलेल्या हॉस्पिटलात आठवड्यातली अर्धी सकाळ त्यासाठी राखून घ्या. शिक्षक म्हणून फक्त नाव आणि सही मागत असतील तर नकार द्या.

नुकसानभरपाईच्या कलमात डॉक्टरने हॉस्पिटलचं ‘सर्व प्रकारचं’ नुकसान भरावं असं लिहिलेलं असतं. ते ‘न्यायालयाने किंवा ग्राहक आयोगाने सिद्ध धरलेल्या माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणापुरतं, विमा रकमेच्या मर्यादेत’ इतकं आटोक्यात आणा. नर्स, ड्युटी डॉक्टर आणि यंत्रं यांची जबाबदारी हॉस्पिटलचीच. स्वतःची इंडेम्निटी पॉलिसी (निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठीचा विमा) वेगळी ठेवा आणि तिच्यात खंड पडू देऊ नका. ती सहसा दावा कधी आला यावर चालते, आणि ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. हॉस्पिटल सोडलं म्हणून पॉलिसी बंद केली तर आधीच्या पेशंटचा दावा उघड्यावर पडतो.

बोलणी करताना मसुदा ईमेलवर मागवा, आठवडाभर घ्या, वकिलाला दाखवा. तिथे एकदम वीस मुद्दे नेऊ नका, ज्यांच्यावाचून अडेल असे पाच न्या. आधी मेडिकल डायरेक्टरशी बोला, कारण कॉल आणि ओपीडी त्यांच्या हातात असतात, एचआरच्या नाही. ठरलं ते त्याच दिवशी ईमेल करून कळवा. ‘ही आमची पॉलिसी आहे’ असं उत्तर आलं तर ती पॉलिसी कागदावर मागा, आणि पुढे तिच्यातला बदल दोघांच्या संमतीने होईल अशी ओळ घाला. सही केलेली प्रत हातात येईपर्यंत जुनी जागा सोडू नका.

सहा महिन्यांनी आढावा बैठक घ्यायची, हेही करारात लिहा. पहिल्या दिवसापासून एका वहीत पेशंट, प्रक्रिया, रात्रीचे कॉल आणि मिळालेले पैसे मांडत जा. बैठकीत ती वही आणि हॉस्पिटलचं विवरण शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. आणि कधी सोडलंतच, तर नर्सिंग होमच्या नोंदणीत आणि सोनोग्राफी केंद्राच्या कागदांत तुमचं नाव आहे का ते पाहा, ते कमी करायला लेखी कळवा आणि सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) कार्यालयाच्या पोचीची प्रत जपून ठेवा.