‘बॉय मीट्स वर्ल्ड’ मुलांना कुठपर्यंत दाखवावी?

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ही अमेरिकी टीव्ही मालिका खुशाल दाखवा, पण सातही सीझन सलग लावून देऊ नका. १९९३ ते २००० या काळात पात्रं मालिकेबरोबर मोठी होत गेली: पहिल्या सीझनमधला अकरा वर्षांचा नायक कोरी सातव्यात बोहल्यावर चढतो. पहिल्यात गृहपाठ, भावंडांची भांडणं आणि कुंपणापलीकडे राहणारे फीनी सर. किती गोड सर आहेत ते! चौथ्यात कोरीचा जिवलग मित्र शॉन एका पंथाच्या नादी लागतो. पाचव्यात कोरी-शॉन दारू पितात. हा भाग डिस्ने चॅनेलनं पुनःप्रक्षेपणात गाळला होता. तो आधी एकट्यानं बघा, वीस-बावीस मिनिटं लागतात. नशेत शॉन त्याच्या मैत्रिणीला, अँजेलाला, दारावर ढकलतो, ते लहानांना झेपणार नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मात्र शेजारी बसून जरूर दाखवा.