टोपीखाली लपलेला 'स'

आजची दुपार फ्रेंचमधील 'सुब्जाँक्तिफ अँपार्फे'ची, म्हणजे मुख्य क्रियापद भूतकाळी असताना इच्छा किंवा शंका दाखवणाऱ्या क्रियापदाची, रूपे वहीत उतरवण्यात गेली, आणि पाने भरल्यावर मनात आले की आजच्या पॅरिसमधल्या बोलण्यात यांतले बहुधा एकही मला वापरावे लागणार नाही.

रचना तशी अवघड नाही. ज्या क्रियापदाचा 'पासे सँप्ल' हा लिखित भूतकाळ पाठ आहे, त्याच अंगाला प्रत्यय लावायचे, म्हणजे 'पार्ले' (बोलणे) पासून 'पार्लास', 'पार्लासियों' अशी रांग तयार होते. गंमत आहे ती तृतीय पुरुषी एकवचनात. 'तो बोलला' आणि 'त्याने बोलावे' या दोन्हींचा उच्चार 'पार्ला' असाच होतो. लिहिताना मात्र दुसऱ्याच्या शेवटी अनुच्चारित 'त' येतो आणि स्वरावर एक टोपी (^) चढते, जी जुन्या फ्रेंचमधल्या लुप्त झालेल्या 'स'ची खूण आहे. ही टोपी मी आज चार वेळा विसरले.

'आस' हा ध्वनी फ्रेंच कानाला काहीसा हिणकस वाटतो, कारण तुच्छतादर्शक शब्दांचा प्रत्ययही तोच. २६ फेब्रुवारी १९०१ च्या सरकारी आदेशाने तर संकेतार्थी (जर-तर अर्थाच्या) मुख्य क्रियापदानंतर या रूपाऐवजी त्याचेच वर्तमानकाळी रूप लिहिल्यास परीक्षेत चूक धरू नये, अशी मुभा दिली. इटालियनमध्ये मात्र याचेच भावंड रोजच्या बोलण्यात टिकून आहे.

आपल्याकडे 'त्याने यावे अशी इच्छा आहे' म्हणा किंवा 'होती' म्हणा, 'यावे' जागचे हलत नाही. उद्या 'व्हनिर', म्हणजे येणे.