जिप्सीचा दम कुठे गेला होता

ठाण्यात उपवनच्या पुढे येऊरचा चढ लागतो. गाडीत आम्ही चौघं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये जिप्सी अशी कण्हायला लागली की मागे बसलेला पुतण्या म्हणाला, "काका, उतरून ढकलू का?" त्याच आठवड्यात इंजिन खोलायचं ठरवलं.

गाडी 1998 ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली. 1298 सीसी, 8 वॉल्व्ह, कागदावर 60 हॉर्सपॉवर. वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला जास्त फेऱ्या घेत असताना, ती पळते, त्याबद्दल तक्रार नव्हती. मला हवा होता खालचा दम. माळशेजला ट्रकच्या मागे अडकल्यावर दीड-दोन हजार आरपीएमवर, क्लच न जाळता निघेल असा. आधी मनात एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, जिप्सीचं इंजिन टाकायचं होतं. ते 80 हॉर्सपॉवरचं, पण त्याचा 103 एनएम टॉर्क, म्हणजे खेचायचा जोर, येतो 4500 आरपीएमला, म्हणजे मला नको तिथेच. वर इंजिन बदललं की आरसीवर नवा नंबर चढवायला आरटीओच्या चकरा. तो बेत तिथेच गुंडाळला.

वागळे इस्टेटमधल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी चाकांकडे बघितलं. "भाऊ, हे टायर कुणी सांगितले?" कुणी कशाला सांगेल, माझीच हौस. मूळ 205/70 च्या जागी मोठे 235/75. चाकाची उंची जवळजवळ दहा टक्के वाढली, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. "इंजिनाला शिव्या देताय, पण अर्धी चोरी तुम्हीच केलीय," म्हणाले.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं. 155, 150, 105, 150 पीएसआय. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं तर काटा 140 वर. ऑइलने फट तात्पुरती बुजली, म्हणजे दोष रिंग आणि बोअरचा. ऑइल टाकूनही काटा हलला नसता तर वॉल्व्हवर संशय घेतला असता. इंजिन उतरवलं तेव्हा मिस्त्रींनी माझं बोट धरून सिलिंडरच्या वरच्या कडेवर फिरवलं. रिंग जिथपर्यंत घासते तिथे नखाला अडकेल असा ओठ तयार झाला होता.

50 चा ओव्हरसाइज पिस्टन लागणार होता, म्हणजे अर्धा मिलिमीटर. सीसी वाढणार म्हणून मी खूश. घरी गणित मांडलं: बोअर 74 चा 74.5, स्ट्रोक 75.5 तोच, चार सिलिंडर मिळून 1316. अठरा सीसी! कटिंग चहाच्या ग्लासातही त्याहून जास्त चहा मावतो. बोअरिंगने दम वाढत नाही, गळणारा दम थांबतो, एवढंच. पिस्टन हातात आल्याशिवाय मिस्त्रींनी ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवलाही नाही. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या मापाने बोअर, मग होनिंग, म्हणजे बोअरची शेवटची बारीक घासाई.

खरी वाढ केली ती हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात. त्यातल्या पेट्रोल जळायच्या चेंबरवर काच ठेवून ब्युरेटने रॉकेल सोडून आकारमान मोजलं, आणि हेड 0.3 मिलिमीटर फेस केलं, म्हणजे खालून तासलं. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतला माल किती पट दाबला जातो ते, नऊच्या आसपास होता, तो सव्वानऊला आला. त्याहून पुढे गेलो असतो तर चढावर नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक, सुरू. हेडमधले हवेचे रस्ते, म्हणजे पोर्ट, मोठे करा, हा माझा हट्ट मात्र त्यांनी उडवून लावला. कमी आरपीएमला मोठ्या पोर्टात हवा रेंगाळते, पेट्रोल नीट मिसळत नाही. गॅस्केटपाशी असलेली पायरी तेवढी घासली. आधी हौसेने लावलेला जाड सायलेन्सर पाइपही काढून मूळ मापाचा बसवला. आवाज गेला, त्याचं थोडं वाईट वाटलं.

इंजिन बसलं, पहिल्या सेल्फला चालू झालं, आणि चालवून बघतो तर अडीच हजारांच्या खाली पूर्वीपेक्षा मेलेली! दोन दिवस कार्ब्युरेटर, जेट, डिस्ट्रिब्युटर यांच्यामागे घालवले. शेवटी मिस्त्रींनी कॉम्प्रेशन मोजलं. नवीन रिंगा असूनही चारही सिलिंडर सारखेच कमी. ते काही बोलले नाहीत, सरळ टायमिंग बेल्टचं कव्हर उघडलं. वॉल्व्ह उघडणारा कॅम एक दात मागे. बेल्ट चढवताना पुली मीच धरली होती.

एक दात मागे म्हणजे हवा आत घेणारा इनटेक वॉल्व्ह उशिरा मिटणार. इंजिन सावकाश फिरत असताना पिस्टन वर यायला लागला तरी दार उघडंच, आत घेतलेला माल तो परत बाहेर ढकलतो. जोरात फिरताना हवेला वेग असतो, ती आत येतच राहते, म्हणून वरती गाडी ठीक वाटते. खुणा जुळवल्या आणि काटा चारही ठिकाणी 175 च्या वर गेला.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडत होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकला आणि रबराचे सगळे पाइप बदलले.

टायर पुन्हा 205/70. हजार किलोमीटर जपून चालवून, ऑइल बदलून, टॅपेट परत सेट करून त्याच चौघांना घेऊन येऊरला गेलो. तिसऱ्यात चढली असं सांगणार नाही, असं सांगणारे थापा मारतात. दुसऱ्यातच चढली, पण एका वळणावर बैल आडवा आला, चालण्याच्या वेगावर आलो, आणि नुसता अॅक्सिलरेटर दाबून पुन्हा निघालो. पुतण्या मोबाइलमध्ये होता, त्याला कळलंही नाही.

235 चे चारही टायर अजून सोसायटीच्या जिन्याखाली आहेत. सेक्रेटरींच्या दोन नोटिसा येऊन गेल्या आहेत.