तुम्ही विचारलंत म्हणून : केजन पदार्थ मुळात कुणाचे?

अमेरिकेतील लुईझियाना राज्याच्या दक्षिणेला, लाफायेट शहराच्या परिसरात मी बरीच वर्षे राहत असल्यामुळे पुण्या-मुंबईहून येणारे नातेवाईक आणि ह्यूस्टनकडची मराठी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात : केजन पदार्थ म्हणजे फ्रान्सहून आलेले पदार्थच ना, वर तिखट मसाला घातलेले? भारतातल्या हॉटेलांत हल्ली 'केजन' नावाचा लाल मसाला घातलेले बटाटे सर्रास मिळतात, त्यामुळे मसाल्याची समजूत कुठून आली हे कळते. तिच्याविषयी शेवटी लिहीन. पहिल्या भागाचे उत्तर मात्र ठामपणे 'नाही' असेच आहे. केजन म्हणजे अकेडियातून लुईझियानात आलेल्या अकेडियन लोकांचे वंशज. त्यांचे पूर्वज फ्रेंच होते, पण त्यांच्या नावाने ओळखले जाणारे बहुतेक पदार्थ फ्रान्समध्ये जन्मले नाहीत आणि हे लोक जिथून इकडे आले त्या अकेडियातही जन्मले नाहीत. ते लुईझियानाच्या दलदलीत आणि माळरानावर घडले, आणि ते घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्यांची नावे पदार्थांना मिळाली नाहीत.

अकेडिया म्हणजे आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया आणि त्याच्या आसपासचा किनारी प्रदेश. सतराव्या शतकात पश्चिम फ्रान्समधील शेतकरी कुटुंबे तिथे जाऊन वसली, भरतीचे पाणी अडवणारे बांध घालून त्यांनी खाजणांची शेते केली, आणि गहू, वाटाणा, कोबी, सलगम पिकवत, डुकरे आणि गुरे पाळत ती कुटुंबे शे-सव्वाशे वर्षे सुखाने नांदली. 1713 च्या उट्रेख्टच्या तहाने हा प्रदेश ब्रिटिशांकडे गेला. ब्रिटनच्या राजाशी विनाअट एकनिष्ठ राहण्याची शपथ या लोकांनी घेतली नाही, म्हणून 1755 पासून त्यांना घरादारांतून हुसकून, जहाजांत कोंबून देशोधडीला लावण्यात आले; पुढच्या काही वर्षांत दहा हजारांहून अधिक माणसे अशी उखडली गेली. त्यांतला जोझेफ ब्रूसार ऊर्फ बोसोलेय याच्या नेतृत्वाखालचा सुमारे 200 जणांचा जथा 1765 च्या आरंभी लुईझियानात उतरला, आणि 1785 मध्ये फ्रान्समध्ये विपन्नावस्थेत राहणारे सुमारे 1,600 अकेडियन स्पेनच्या सरकारने सात जहाजांतून इकडे आणले, कारण त्या वेळी लुईझियाना स्पेनच्या ताब्यात होते.

ही माणसे जवळजवळ रिकाम्या हातांनी आली, आणि आली तीही अशा दमट, उष्ण मुलखात, जिथे त्यांचा गहू नीट पिकत नव्हता. जे अकेडियन कॅनडातच राहिले किंवा पुढे तिथे परतले, त्यांच्या आजच्या स्वयंपाकाकडे पाहिले की या स्थित्यंतराची कल्पना येते. तिथे फ्रिको नावाचा कोंबडी-बटाट्याचा सौम्य रस्सा आहे, किसलेल्या बटाट्याचा भाजलेला राप्यूर आहे. पण गम्बो नाही, जम्बालाया हा मांस घालून एकत्र शिजवलेला भात नाही, भाताचे सॉसेज नाही. पूर्वज एकच असताना ताटे इतकी वेगळी झाली, ती लुईझियानाने केली असे मला वाटते.

गम्बो या पदार्थात हे सगळे एका भांड्यात दिसते. गम्बो म्हणजे कोंबडी, सॉसेज किंवा कोळंबी-खेकडे घालून तासन् तास शिजवलेला आणि भातावर वाढायचा दाट रस्सा. त्याला दाटपणा आणण्याच्या तीन रीती आहेत. पहिली भेंडीची : ही भाजी आफ्रिकेची, आणि गम्बो हे नावही भेंडीच्या आफ्रिकी नावावरूनच आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपण भेंडी पुसून, कोरडी करून, तिची तार मोडून परततो. इथे ती तारच हवी असते, रस्सा तिच्यानेच आळतो. दुसरी रीत फीलेची. सॅसफ्रास झाडाची पाने वाळवून कुटलेली ही हिरवट भुकटी चॉक्टॉ या मूळ रहिवाशांची देणगी असून ती भांडे आचेवरून उतरवल्यावरच घालावी लागते, कारण उकळली तर ती चिकट तारा धरते. तिसरी रीत 'रू'ची, म्हणजे स्निग्ध पदार्थात परतलेल्या मैद्याची, आणि या तिघींत फक्त तीच फ्रेंच आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये गुलाम स्त्री-पुरुषांच्या चौकशीच्या 1764 च्या कागदपत्रांत गम्बोचा उल्लेख सापडतो. म्हणजे ब्रूसारचा जथा किनाऱ्याला लागण्याआधीच हा पदार्थ इथल्या आफ्रिकी माणसांच्या चुलीवर शिजत होता. ज्याला आज सगळे जग केजन म्हणते तो पदार्थ केजन लोकांना शेजाऱ्यांकडून मिळाला, हे मी प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगतो.

रूसुद्धा इथे आल्यावर बदललीच. फ्रान्समध्ये ती लोण्यात मैदा परतून फिकट ठेवतात. इथे लोणी महाग आणि डुकराची चरबी मुबलक, त्यामुळे मैदा चरबीत, पुढे तेलात, बिडाच्या जड भांड्यात भाजू लागले. तेल आणि मैदा जवळजवळ समप्रमाणात घेऊन मंद आचेवर पाऊण तासापर्यंत अखंड ढवळायचे. बेसनाच्या लाडवांसाठी पीठ भाजताना जसे चुलीपुढून हलता येत नाही तसेच हे काम आहे. रंग आधी वाळूसारखा होतो, मग शेंगदाण्याचा, मग तांबूस, आणि शेवटी गडद चॉकलेटी. त्या वेळी दाण्यांच्या खमंग वासात किंचित कडवट छटा येते. काळे ठिपके दिसले की ते सगळे टाकून नव्याने सुरुवात करावी लागते. नेमक्या क्षणी चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची आत पडली की त्यांच्या पाण्याने भाजणे थांबते. पीठ जितके गडद भाजावे तितकी त्याची दाटपणा देण्याची शक्ती कमी होते, म्हणून गडद रूचा गम्बो चवीला खोल पण अंगाने पातळ असतो. फ्रेंच स्वयंपाकात कांदा आणि सेलरीच्या जोडीला गाजर असते. त्याची जागा इथे अमेरिका खंडातल्याच ढोबळी मिरचीने घेतली.

भाताची कथा याहून कठोर आहे. 1719 मध्ये फ्रेंच वसाहतीत गुलाम घेऊन पोहोचलेली पहिली जहाजे आफ्रिकेकडे निघाली, तेव्हा त्यांच्या कप्तानांना भाताचे बियाणे आणि भातशेती जाणणारी माणसे आणण्याची आज्ञा होती. फ्रेंच अमलात इथे आणलेले बहुसंख्य गुलाम सेनेगाल आणि गॅम्बिया नद्यांच्या मुलखातले, म्हणजे भातशेतीत मुरलेल्या प्रदेशातले होते. त्या ज्ञानाची किंमत त्यांना मिळाली नाही. काही अकेडियन कुटुंबेही पुढे गुलामांची मालक झाली. 1843 मध्ये राज्याचे गव्हर्नर झालेले अकेडियन वंशाचे अलेक्झांडर मूताँ हे गुलाम राबवणारे ऊसमळेवालेच होते. केजन खाण्याचे कौतुक करताना अकेडियनांच्या हद्दपारीचे दुःख सांगायचे आणि ही बाजू गाळायची, हे मला पटत नाही.

हाच भात बूदँ या सॉसेजमध्ये शिरला. फ्रान्समधल्या पांढऱ्या बूदँमध्ये मांसाबरोबर दूध असते. इथे डुकराचे मांस, काळीज, कांद्याची पात आणि शिजलेला भात एकत्र करून आतड्यात भरतात, कारण भाताने थोडे मांस अनेकांना पुरते. त्यामागे बूशरीची प्रथा होती. शीतपेट्या नसलेल्या काळात थंडीच्या दिवसांत शेजारची कुटुंबे पाळीपाळीने एकेकाच्या अंगणात डुक्कर कापत. पहाटेपासून कुणी केस काढी, कुणी आतडी धुऊन खरवडी, कुणी कातडीचे तुकडे चरबीत तळून कुरकुरीत ग्रातों करी. ताजे मांस सगळ्यांत वाटले जाई आणि टिकण्यासारखे धुरी देऊन ठेवले जाई. एक अख्खे जनावर वाया न घालवता वाटून खाण्याची ही रीत अकेडियनांची स्वतःची शिदोरी होती, असे मी मानतो. धुरी दिलेल्या अँदुई सॉसेजचे नाव फ्रेंच असले तरी ती कला मिसिसिपीकाठी 1720 च्या दशकात वसलेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या वस्त्यांत फुलली, आणि टासो या मसालेदार खारवलेल्या मांसाचे नाव स्पॅनिश 'तासाहो'कडे, म्हणजे वाळवलेल्या मांसाकडे, बोट दाखवते.

जम्बालायाच्या मुळाबद्दल वाद पुष्कळ आहेत. स्पेनची पाएया आणि पश्चिम आफ्रिकेचा जोलोफ भात या दोघांशी त्याचे नाते उघड दिसते. शहरी क्रिओल, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या मिश्र वसाहती परंपरेतला, जम्बालाया टोमॅटोने लाल असतो, खेड्यातला केजन जम्बालाया भांड्याच्या बुडाशी करपवलेल्या मांसाने तपकिरी. क्रॉफिश एतूफे, म्हणजे दाट रश्शात झाकून शिजवलेला क्रॉफिश, मात्र लोक समजतात तितका जुना नाही. गोड्या पाण्यातला हा लहान, नांग्यांचा कवचधारी जीव फार काळ गरिबाचे अन्न मानला जाई. ब्रो ब्रिज गावच्या खाणावळींतून एतूफेला मान मिळाला तो विसाव्या शतकात, आणि 1959 मध्ये राज्याने त्या गावाला क्रॉफिशची जागतिक राजधानी म्हणून जाहीर केले. आता क्रॉफिश भातखाचरांतच, भाताच्या कापणीनंतर पाणी सोडून, पिकासारखा वाढवतात.

आता मसाल्याविषयी. ओपेलूसस गावाजवळचे शेफ पॉल प्रुडोम यांनी 1979 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये उपाहारगृह काढले आणि मसाल्यात घोळवून तापलेल्या बिडाच्या तव्यावर काळपट भाजलेला रेडफिश मासा लोकप्रिय केला. त्याची मागणी इतकी वाढली की 1980 च्या दशकातच मेक्सिकोच्या आखातातील रेडफिशच्या व्यापारी मासेमारीवर निर्बंध आले. केजन म्हणजे लाल, झणझणीत भुकटी, ही समजूत तेव्हापासून जगभर पसरली. प्रुडोम मोठे बल्लवाचार्य होते, पण तो पदार्थ त्यांचा होता, त्यांच्या आजीचा नव्हे. इथल्या घरांत आठवड्यातून अनेकदा जे शिजते ते राइस अँड ग्रेव्ही : मांसाचे स्वस्त तुकडे बिडाच्या भांड्यात गडद होईपर्यंत परतायचे, बुडाला धरलेले कांद्याबरोबर पाण्याने सोडवायचे, झाकून दोन-तीन तास रटरटू द्यायचे आणि भातावर ओतायचे. मीठ, मिरी आणि थोडी लाल मिरची यांपलीकडे त्यात मसाला नसतो. पाहुणे आले की मी आधी तेच वाढतो, गम्बो दुसऱ्या दिवशी.