जिल्हा चांदा, मध्यप्रदेश

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीच्या बाजूच्या एका गावात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. धानाची कापणी सुरू झाली की इकडे कोणी फिरकत नाही, म्हणून त्या दिवशी शटर अर्धंच वर केलं होतं. तेवढ्यात एक आबाजी आणि त्यांची नात सायकलवर आले. पोरगी पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली. तिचा जातीच्या दाखल्याचा अर्ज परत आला होता.

लॉगिन करून शेरा उघडला. ‘पुरावा परराज्यातील आहे. स्थलांतरितांच्या नमुन्यात अर्ज करावा.’

आबाजी शेजारच्या गावात जन्मले, तिथंच म्हातारे झाले. हे परराज्य आलं कुठून?

कागद पुन्हा काढला. इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आबाजींची चौथीची टी.सी. जोडली होती, 1956 ची. वर छापलेलं: ‘जनपद सभा, गडचिरोली. जिल्हा चांदा, मध्यप्रदेश’. मीच तो स्कॅन केला होता, तेही 500 केबीच्या आत बसवायची झटापट करत. मथळा वाचायचं मात्र माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. तपासणाऱ्याने मध्यप्रदेश पाहिलं आणि भोपाळ समजला. तेव्हा त्या मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती, हे त्याला कोण सांगणार?

सर्व्हर गोल गोल फिरत होता. पोरगी चालू घडामोडींची वही उघडून पुटपुटत होती. जकार्ता, नुसांतारा, 2022 चा कायदा. आबाजींनी विचारलं, “का वाचते वो?”

तिने सांगितलं, इंडोनेशिया आपली राजधानी बोर्निओ बेटावर नेतोय. जमिनीखालचं पाणी उपसून उपसून जकार्ता खचतंय म्हणून.

“मंग तेथच्या लोकायचे कागद?”

पोरगी हसली. मला नाही हसू आलं.

आबाजींचा हिशोब मी मनात मांडून पाहिला. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरची राजधानी गेली. 1960 ला महाराष्ट्र झाला. पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं. 1982 ला त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. नागपूरच्या वाट्याला हिवाळी अधिवेशन उरलं. एवढ्या काळात आबाजींचं घर हातभरही हललं नाही, आणि पोर्टलवर ते स्थलांतरित! जिल्ह्याच्या यादीत चांदा शोधला तर सापडत नाही. यादी आजची, माणूस कालचा.

कार्यालयात फोन लावला. “सिस्टीममध्ये जे दिसते तेच आम्ही पाहतो,” असं उत्तर मिळालं. त्यांचंही खोटं नव्हतं.

मग राज्य पुनर्रचना कायदा, 1956 शोधला. इंग्रजीत आहे, पण कलम 8 मध्ये सरळ यादीच दिली आहे: बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि शेवटी चांदा. त्या एका पानाची प्रिंट काढली, चांद्याखाली लाल पेनाने रेघ मारली आणि परत स्कॅन केलं. सोबत आबाजींच्या सहीचा चार ओळींचा अर्ज जोडला. सही करताना त्यांनी विचारलं, “जिल्हा कोणता लिवू जी?” म्हटलं, आताचा लिहा, कंसात चांदा.

दुसऱ्यांदा शेरा आला नाही. दाखला मंजूर झाल्याचा मेसेज पोरीच्या मोबाईलवर आला, त्या संध्याकाळी दोघं पुन्हा हजर. मी प्रिंट दिली, लॅमिनेशन करून. जुनी टी.सी. घडीवर फाटत आली होती. म्हटलं, आबाजी, ही आता कॉम्प्युटरात आहे, घरी ठेवली नाही तरी चालेल.

त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी धोतराच्या सोग्यात खोचली.

“राहू दे बाबू. उद्या अजून जिल्हा तुटला तं लागन.”