सी ड्राइव्हची लाल पट्टी आणि वडिलांचे सातबारा

माझ्या लॅपटॉपचा सी ड्राइव्ह १२८ जीबीचा. विंडोज तो ११९ दाखवतं. त्यातले जेमतेम चार जीबी उरले होते आणि पट्टी लाल झाली होती. वर्डची फाइल उघडायलाही मिनिटभर लागायचं. दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो." पण माझं सगळं टायपिंगचं काम याच मशीनवर, फाँट, कीबोर्ड, सगळं बसवलेलं. मन धजेना.

शेवटी ब्लीचबिट घेतलं, संगणकातल्या नको असलेल्या फाइली पुसून जागा मोकळी करणारं सॉफ्टवेअर. मोफत आहे, सोर्स कोडही खुला आहे. अँड्र्यू झीम यांनी २००८ मध्ये ते आधी लिनक्ससाठी आणलं, मग विंडोजसाठी. "तुमच्या संगणकात शेकडो दोष, आत्ताच पैसे भरा" असली घाबरवाघाबरवी त्यात नाही, आणि मला तेच हवं होतं. डाउनलोड मात्र त्यांच्याच साइटवरून करा. इन्स्टॉल व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

उघडल्यावर डावीकडे चौकोनांची लांब यादी दिसते: क्रोम, फायरफॉक्स, सिस्टम. पासवर्डच्या चौकोनावर टिक केली, तर साठवलेले पासवर्ड जातील असा इशारा आला. लगेच टिक काढली. कुकीजही सोडल्या, नाहीतर प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन आणि ओटीपी. रिकामी जागा पुसण्याचा एक पर्याय आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. पुसलेल्या फाइल कुणाला परत काढता येऊ नयेत म्हणून तो आहे. त्याने जागा वाढत नाही, वेळ मात्र भरपूर जातो. मी क्रोमची कॅशे (साइट्स लवकर उघडाव्यात म्हणून साठवलेल्या फाइली), टेम्पररी फाइल्स आणि रिसायकल बिन एवढंच निवडलं.

मग 'क्लीन' न दाबता 'प्रीव्ह्यू' दाबलं. यात काहीच पुसलं जात नाही, काय काय पुसलं जाईल ते ओळीओळीने दिसतं. इंग्रजी अक्षरांच्या आणि आकड्यांच्या त्या जंगलात एकदम देवनागरी दिसलं: 'सातबारा_आबा_२'. काळजात धस्स झालं. गावच्या जमिनीचे आबांनी जपून ठेवलेले जुने उतारे मी दिवाळीत स्कॅन केले होते. डेस्कटॉप आवरताना तो अख्खा फोल्डर रिसायकल बिनमध्ये गेला होता, आणि मला पत्ताच नव्हता. फोल्डरचं नाव विंडोजने बदलून टाकलेलं, पण आतल्या फाइलींची नावं तशीच होती, म्हणून ओळखता आलं. नाहीतर गेलंच होतं सगळं.

बिन उघडून फोल्डर 'रिस्टोअर' केला, पेनड्राइव्हवर एक प्रत घेतली, एकेक पान उघडून पाहिलं. मग पुन्हा प्रीव्ह्यू घेतला, यादी पहिल्यापासून वाचली, क्रोम बंद केलं आणि 'क्लीन' दाबलं.

चार जीबीचे साडेतेरा झाले. पहिला दिवसभर साइट्स जरा सावकाश उघडत होत्या; कॅशे रिकामी झाल्यावर तसं होतंच. वर्ड मात्र पटकन उघडतं आता, आणि पट्टी निळी आहे. रात्री आबांना फोन करून सांगितलं, उतारे नीट आहेत.